आकाशाची पीकपाहणी



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड आणि गुरेढोरे यांविषयी बोलतो. रब्बीच्या पेरण्या आता आटोपल्या, ज्वारी गुडघ्याला लागली, रात्री आभाळ स्वच्छ असते. तेव्हा आज जरा वर पाहू. ग्रहदशा आणि मुहूर्त सांगणे हे माझे काम नव्हे, हे तुम्ही जाणता. आजचा विषय निराळा आहे. काही शास्त्रज्ञांनी सबंध आकाशाची, तुकडा न् तुकडा घेऊन, पाहणी करायचे ठरवले. आणि तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात. ती पाहणी कशी झाली आणि तिच्यातून काय निघाले, ते आज सांगतो. सातबारा आणि पीकपाहणी यांच्याशी आपला जन्माचा संबंध. म्हणून ही गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही.

न दिसणारा उजेड

‘न दिसणारा उजेड’ म्हटल्यावर कोणी हसेल. पण तो तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. फाळ शेवटायला लोहाराकडे नेला, की भट्टीतून काढलेला फाळ आधी पिवळाधमक दिसतो, मग केशरी होतो, मग गुंजेसारखा लाल, आणि थोड्या वेळाने काळा. काळा झाला म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. जवळ तळहात नेला तरी धग लागते. याचा अर्थ असा, की फाळाने उजेड देणे थांबवलेले नाही. देणे चालूच आहे, फक्त तो उजेड आपल्या डोळ्यांच्या ओळखीचा राहिलेला नाही. तांबड्या रंगाच्याही खालच्या या उजेडाला शास्त्रात अवरक्त किरण म्हणतात.

विझलेली चूल, दिवसभर तापलेली दगडी भिंत, गोठ्यातली गाय, आपले स्वतःचे अंग, सगळ्यांतून हे किरण सतत बाहेर पडतात. बर्फाच्या लादीतूनही पडतात. पदार्थ जितका थंड, तितके ते क्षीण आणि लांब लहरींचे.

इंग्लंडमधल्या विल्यम हर्शेल या ज्योतिषशास्त्रज्ञाने १८०० साली हे शोधून काढले. युरेनस ग्रह १७८१ साली ज्याने शोधला, तोच हा. त्याने सूर्याचा प्रकाश काचेच्या लोलकातून जाऊ दिला. इंद्रधनुष्याचे रंग पडले. प्रत्येक रंगात तापमापी ठेवून कोणता रंग किती ऊब देतो, हे तो पाहत होता. एक तापमापी त्याने तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे ठेवली होती. पारा सर्वांत जास्त तिथेच चढला.

काळोख म्हणजे रिकामी जागा नव्हे

आता आकाशात या उजेडाचे काय काम? तारे तापलेले असतात म्हणून ते डोळ्याला दिसतात. पण आकाशात थंड मालही पुष्कळ आहे. ताऱ्यांभोवतीची धूळ, नीट न पेटलेले तारे, सूर्याभोवती फिरणारे काळेकुट्ट धोंडे, हे सगळे डोळ्यांच्या हिशेबात येत नाही. त्यांची ओळख पटते ती या अवरक्त किरणांनीच.

आकाशगंगेच्या पांढऱ्या पट्ट्यात मधूनमधून काळे डाग दिसतात. ती भगदाडे नव्हेत, तिथे धूळ आहे. खळ्यावर उफणणी चालू असताना भुसकटाच्या पलीकडचा माणूस दिसत नाही, तसाच हा प्रकार. साधा उजेड त्या धुळीत अडतो. लांब लहरींचे अवरक्त किरण मात्र तीतून पार होतात. शिवाय ती धूळ स्वतःही याच किरणांत मंदपणे उजळत असते. ताऱ्यांचा जन्म अशाच धुळीत होतो. म्हणून आकाशाचे शिवार खरे किती आहे, हे जाणायचे तर पाहणी अवरक्त किरणांतच करायला हवी.

दोन अडचणी

पहिली अडचण हवेची. तुमचा अनुभव आहे, की हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की पहाटे कडाका पडतो आणि द्राक्षबागाईतदार शेकोट्या पेटवून धूर करतात. आभाळ भरून आले, की रात्र उबदार जाते. जमिनीची ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने वर निघते आणि हवेतली वाफ व ढग तिला अडवतात. जमिनीवर पांघरलेले हे घोंगडेच म्हणा. पण जे घोंगडे आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, ते बाहेरचे किरणही आत येऊ देत नाही. काही थोड्या फटी आहेत, तेवढ्यातूनच किरण खाली पोचतात.

दुसरी अडचण दुर्बिणीची. दुर्बीण स्वतःच कोमट असली, तर तिच्याच अंगातून अवरक्त किरण निघतात. भर दुपारी काजवा शोधायला निघाल्यासारखे ते होते. आकाशातली थंड वस्तू पाहायची, तर पाहणाऱ्याने तिच्याहून थंड झाले पाहिजे.

तरीही जमिनीवरून सुरुवात झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर गेरी न्यूगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी दुर्बीण उभी केली. तिचा सुमारे ५ फूट रुंदीचा आरसा त्यांनी फार कमी खर्चात केला. बादलीतले पाणी गरगर फिरवले, की मध्ये खळगा पडतो ना, तसे पातळ राळेसारखे रसायन तबकडीत घालून ते घट्ट होईपर्यंत फिरत ठेवले. खळग्याला हवा तसा बाक आपोआप आला. तिथून दिसणाऱ्या आकाशाची त्यांची यादी १९६९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ५,६१२ नोंदी होत्या.

आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून मोठ्या फुग्याला दुर्बीण बांधून ती हवेच्या घोंगड्यावर पाठवली. तिचा आरसा १०० सेंटिमीटरचा. पण फुगा काही तासच वर राहतो. त्यामुळे निवडक जागा पाहता येतात, सबंध आकाश नाही.

दहा महिन्यांचा माठ

सबंध आकाशाची पहिली मोठी पाहणी १९८३ साली झाली. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन या तीन देशांनी मिळून जानेवारीत एक उपग्रह सोडला. त्याचे नाव ‘आयरास’. दुर्बिणीचा आरसा ५७ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या परातीएवढाच. पण तो वर होता, सुमारे ९०० किलोमीटर उंचीवर.

थंडाव्याची सोय कशी केली? आपल्या माठासारखीच. माठ पाझरतो, वरचे पाणी वाळून जाते, आणि जाताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जाते. आयरासमध्ये पाण्याऐवजी द्रवरूप हेलियम भरले होते. ते हळूहळू उडून जाई आणि किरण टिपणारी उपकरणे शून्याखाली सुमारे २७० अंशांवर राहत. पण माठातले पाणी संपले की गारवा संपतो. आणि हा माठ पुन्हा भरायला वर कोणी जाणार नव्हते. जे काही पाहायचे, ते हेलियम आहे तोवरच.

आता ही पाहणी आकाशभर कशी करायची? नांगरटीसारखी. उपग्रह उत्तर-दक्षिण, ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरत असे. एक फेरी सुमारे १०३ मिनिटांची. प्रत्येक फेरीत आकाशाचा एक तास ओढला जाई, आणि पुढचा तास आधीच्यावर थोडा चढवून घेतला जाई, मध्ये पडीक राहू नये म्हणून. पृथ्वी सूर्याभोवती सरकत जाते तसे हे तासही सरकत जातात आणि सहा महिन्यांत सगळे आकाश उलगडते. मधूनमधून त्यांनी काही खास जागाही निरखल्या, पण वेळेचा मोठा भाग या नांगरटीलाच दिला.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. एकदा काही चमकले म्हणून त्यांनी ते वहीत लिहिले नाही. अवकाशातले विद्युतभारित कण उपकरणावर आदळले, की तारा दिसल्याचा भास होतो. उपग्रहाजवळून धुळीचा कण गेला तरी तसेच होते. म्हणून तीन कसोट्या ठेवल्या. एक, उपकरणांच्या पहिल्या ओळीने जे पाहिले, ते काही सेकंदांत दुसऱ्या ओळीनेही पाहिले पाहिजे. दोन, काही तासांनी, पुढच्या फेऱ्यांत ते पुन्हा दिसले पाहिजे. तीन, काही आठवड्यांनी त्याच जागी सापडले पाहिजे. जे जागेवरून हलले ते तारा नव्हे, लघुग्रह किंवा धूमकेतू. त्याचा हिशेब वेगळा.

नोव्हेंबर १९८३ मध्ये हेलियम संपले. तोवर आकाशाचा ९६ टक्के भाग पाहून झाला होता. उरलेल्या ४ टक्क्यांचे काय केले? काही नाही. नकाशावर तिथे काळे पट्टे तसेच ठेवले. शेजारच्या नोंदींवरून अंदाज करून ती जागा भरून काढली नाही.

पीककापणी प्रयोगाला गेल्यावर मला हटकून एक विनंती ऐकू येते. गटातला तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा, आकड्यांवरून ठरतो. मग घरातले वडीलधारे हळूच म्हणतात, “साहेब, तो बांधाकडचा तुकडा राहू द्या, मधला घ्या. मधलं पीक बघण्यासारखं आहे.” कधी उलट विनंती असते, विम्यासाठी बांधाकडचाच घ्या म्हणून. मी सांगतो, “आबा, बघण्यासारखंच बघायचं ठरवलं, तर हा कागद तुमच्याही उपयोगाचा राहणार नाही अन् माझ्याही.” आकाशाच्या पाहणीलाही हेच लागू आहे. जिथे काही मिळेल असे वाटते तेवढीच जागा पाहिली, तर जे ठाऊक आहे तेच पुन्हा सापडते.

मापाचे वजनच जास्त भरले

आता नफा पाहू. पहिल्या यादीत जवळजवळ २ लाख ४६ हजार नोंदी झाल्या.

त्यांतली एक अभिजित ताऱ्याची. हा तारा शास्त्रज्ञ तराजूतल्या मापासारखा वापरत. याच्यावरून उपकरणाची पारख करायची, मग बाकीचे तारे तोलायचे. आयरासवर ऑमन आणि जिलेट हे दोघे तेच करत होते. तर लांब लहरींत अभिजित अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उजळ भरला. उपकरण चुकते आहे का, हे त्यांनी तपासून पाहिले. उपकरण ठीक होते. ताऱ्याभोवती धुळीचे मोठे कडे होते आणि ती थंड धूळ उजळत होती. आपली पृथ्वी आणि तिची माती सूर्याभोवतीच्या अशाच धुळीतून घडली. दुसऱ्या ताऱ्याभोवती तशी धूळ आहे, याचा स्पष्ट पुरावा त्या दिवशी प्रथम हाती आला.

दुसरी नोंद एका धूमकेतूची. आयरासने तो एप्रिल १९८३ मध्ये टिपला. पुढे जपानचे अराकी आणि इंग्लंडचे अल्कॉक यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. अल्कॉक हे निवृत्त शाळामास्तर. त्यांनी घरातूनच, बंद खिडकीच्या काचेतून, हातदुर्बिणीने तो हेरला. म्हणून धूमकेतूला तिन्ही नावे मिळाली. ११ मे रोजी तो पृथ्वीपासून सुमारे ४७ लाख किलोमीटरवरून गेला. आकाशाच्या मोजमापात हे अंतर म्हणजे बांधाला बांध.

तिसरी नोंद फेथॉन नावाच्या लघुग्रहाची, ऑक्टोबर १९८३ मधली. दर डिसेंबरात उल्कांचा जो पाऊस पडतो, त्याचे खडे या फेथॉनच्याच वाटेवर सांडलेले आहेत, हे त्यानंतर कळले.

याचा आपल्याला उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे. पहिले उत्तर तुमच्या खिशातल्या मोबाइलवरच आहे. बातम्यांत रात्रीच्या ढगांचे चित्र दाखवतात. रात्री सूर्य नसताना ढग दिसतात कसे? अवरक्त किरणांनी. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच चढलेला, आणि त्यात जोरदार पावसाची शक्यता जास्त. भारताचा इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ सालीच वर गेला आणि त्यावर अवरक्त चित्रे घेण्याची सोय होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हा त्याच घराण्यातला.

दुसरे उत्तर लोणारचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर म्हणजे आकाशातून आलेला धोंडा काळ्या खडकावर आदळून पडलेला, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचा खड्डा. असे धोंडे पूर्वीच पडले आणि आता संपले, असे नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर रुंदीचा धोंडा हवेतच फुटला. खिडक्यांच्या काचा उडाल्या आणि दीड हजाराच्या आसपास माणसे जखमी झाली.

यांतले पुष्कळ धोंडे कोळशासारखे काळे असतात. साध्या दुर्बिणीला ते चुकवतात. पण सूर्याच्या उन्हाने ते तापतात, आणि तापलेली वस्तू अवरक्त किरणांपासून लपत नाही. रात्री शेतातून अनवाणी येताना काळा दगड दिसत नाही, पण पायाला त्याची ऊब कळते, तसेच.

हे काम अमेरिकेच्या ‘वाइज’ या उपग्रहाने केले. डिसेंबर २००९ मध्ये तो सुटला. त्याचा आरसा ४० सेंटिमीटरचा, आणि दर ११ सेकंदांना तो एक चित्र घेई. गारव्यासाठी त्यात गोठवलेला हायड्रोजन होता. तो २०१० मध्ये संपला. पुढे २०११ मध्ये उपग्रह झोपवून ठेवला. पण गारवा नसतानाही त्याची दोन उपकरणे चालण्याजोगी होती, म्हणून २०१३ च्या अखेरीस त्याला पुन्हा जागे करून धोंड्यांच्या राखणीला बसवले आणि ‘निओवाइज’ हे नाव दिले. जुलै २०२० मध्ये डोळ्यांना दिसलेला धूमकेतू त्यानेच हेरला होता. आपल्याकडे नेमके पावसाळी ढग आल्याने पुष्कळांची गाठ हुकली. ऑगस्ट २०२४ पर्यंत त्याने राखण केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पृथ्वीच्या हवेत शिरून तो जळून गेला. याच कामासाठी खास बांधलेली नवी दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याचा बेत आहे.

तिसरे उत्तर जुन्या वह्यांचे. वाइजची २०१२ सालची यादी ५६ कोटींहून अधिक नोंदींची होती. ती सर्वांना खुली केली. केविन लुहमन या शास्त्रज्ञाने तिच्यातली निरनिराळ्या महिन्यांची चित्रे ताडून पाहिली, तेव्हा २०१३ मध्ये त्याला सूर्यापासून अवघ्या साडेसहा प्रकाशवर्षांवर दोन मंद ताऱ्यांची जोडी सापडली. प्रकाश एका वर्षात जितके अंतर तोडतो, ते एक प्रकाशवर्ष. १९१६ नंतर इतका जवळचा शेजारी कोणाला सापडला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याला सुमारे ७ प्रकाशवर्षांवर आणखी एक न पेटलेला गोळा मिळाला. तो बर्फाहूनही थंड आहे. गंमत अशी, की मंद ताऱ्यांची ती जोडी १९७८ पासूनच्या जुन्या चित्रांतही आलेली होती. नोंद होती, पण ती वाचायला कोणी बसले नव्हते.

काम अजून चालूच आहे. मार्च २०२५ मध्ये ‘स्फिअरेक्स’ नावाची दुर्बीण वर गेली. ती सबंध आकाश १०२ अवरक्त रंगांत पाहते, आणि दर सहा महिन्यांनी एक पाहणी पुरी करते. तिला नेमून दिलेल्या कामांत एक काम पाण्याचे आहे. तारे आणि ग्रह जिथे जन्मतात, त्या धुळीच्या कणांवर गोठलेले पाणी किती आहे, हे ती मोजते आहे.

आता तुमचे काम

येत्या १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री हुरड्याच्या राखणीला किंवा पाण्याच्या पाळीला शेतावर असाल, तर मध्यरात्रीनंतर थोडा वेळ बॅटरी बंद ठेवा. चांदणे नसेल तर पुनर्वसु नक्षत्राच्या दिशेने उल्का सुटताना दिसतील; ते फेथॉनचे खडे. दिवेलागणीनंतर वायव्येला बरेच खाली जो ठळक तारा दिसतो, तो अभिजित. आणि पूर्वेला मृग उगवला, की बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका शोधा. तिथे धुळीत नवे तारे जन्माला येत आहेत. मुलांना बरोबर न्या, घोंगडी विसरू नका.

दुसरे काम घरातले. ई-पीक पाहणी आता तुमची तुम्हीच मोबाइलवर करता. ओट्यावर बसून, शेजाऱ्याने भरले तेच भरू नका. बांधावर जा, जे दिसेल ते लिहा. घरात एक साधी वही ठेवा. पाऊस कधी आणि किती, पेरणी कोणत्या दिवशी, गाईचे दूध किती, विहिरीचे पाणी किती परसांवर, एवढे चार रकाने पुरेत. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे ती वही द्या. ज्या दिवशी पाहायचे राहून गेले, त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवायला तिला सांगा.

पुढच्या अंकात पुन्हा जमिनीवर येऊ. हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी बरीच पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे देईन.